तीनवर खूण

प्रश्नावली आली तेव्हा ताकोराडीत हरमाटनची धूळ होती,
दर दहा मिनिटांनी पुसावा लागे संगणकाचा पडदा.
तुमची कंपनी इमारतींचं डिजिटल मॉडेल वापरायला कितपत तयार आहे?
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्ण.
मालक म्हणाले, पाच लिही, बंदराचं टेंडर आहे.
आणि जनरेटरमध्ये डिझेल किती उरलंय ते बघायला गेले.

मी कारकून. पेन माझ्याकडे.
परवाना एकच, तोही महिनाभराच्या चाचणीचा,
आणि एकच अराबा एशुन, जिला ते चालवता येतं,
जिला अक्रातल्या कुणी दुप्पट पगार देऊ केलाय
हे मला ठाऊक आहे, मालकांना नाही.

सरावासाठी तिनं आमचाच जुना दवाखाना उभा केला,
एकोणीस वर्षांपूर्वीचा,
घड्यांवर रेषा पुसलेल्या ट्रेसिंग कागदांवरून.
भिंती आल्या. जिने आले. भिंतींच्या पोटातले पाइप आले.
आणि दुसऱ्या मजल्यावर पेटला एक लाल ठिपका:
सांडपाण्याचा पाइप तुळईच्या आरपार.

"कागदावरची चूक," ती म्हणाली. "कामावर कुणीतरी वळवला असेल."

दारात एबो क्वान्सा उभा होता, आमचा मुकादम,
ज्याच्या खिशात ओळंबा असतो
जसा दुसऱ्यांच्या खिशात रुमाल.
महिनाभर म्हणत होता, डोळ्यांत माप असेल त्याला चष्मा कशाला.
आज काही म्हणाला नाही.
पडद्याजवळ आला, बोटानं ठिपका पुसून पाहिला,
धूळ समजून की काय.

"नाही वळवला.
शुक्रवारची रात्र होती. सोमवारी पाहुणे यायचे होते फीत कापायला.
छिन्नी मीच धरली. दोन सळया तोडल्या.
गिलावा असा केला, की इन्स्पेक्टरनं हात फिरवून शाबासकी दिली.
माझी नात जन्मली त्याच मजल्यावर.
सगळे बाळाकडे बघत होते.
मी छताकडे."

जनरेटर खोकला आणि बंद पडला.
पडदा काळा झाला, ठिपका गेला,
आम्ही तिघं मात्र तिकडेच बघत राहिलो.

मग अराबानं विचारलं, वरच्या सळया की खालच्या?
एबोनं पेन्सिल मागितली.
कागद सापडेना,
म्हणून माझ्यापुढची प्रश्नावली उलटी करून
तिच्या पाठीवर त्यानं तुळई काढली,
फूटपट्टीशिवाय, सरळ.

मी कागद परत घेतला. तीनवर खूण केली.
खाली शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा होती.
लिहिलं: मागे पाहा.