चोवीस आणि एक

विडी घरकुलातून सात रस्त्याला
दोन रिक्षा बदलून गेले.
शेजारच्या नरसूबाईनं आधीच सांगून ठेवलेलं,
तो मान धरतो, कटकन मोडतो,
वर पैसे घेतो.

बाहेरच्या पोरीनं कागद दिला.
त्यावर एक माणूस छापलेला, एकदा पुढून, एकदा मागून.
डोळे नाहीत, लुगडं नाही, बाई का बाप्या कळत नाही.
"दुखतंय तिथं फुली मारा, मावशी."
मानेवर मारली. खांद्यावर मारली.
मग पेन थांबेचना.
"अहो, कागद फाटेल की!"

व्यवसायापुढं लेकीनं लिहिलेलं: काही नाही.
ते खोडायला लावलं.
नऊ वर्षांची होते तेव्हापासून मांडीवर सूप आहे,
लिही, विड्या.

हत्तुरे डॉक्टर म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगंच.
झोपता कुठल्या कुशीवर?
कधी पडलात? बोटांना मुंग्या येतात? कुठल्या बोटांना?
साखर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी आहे का?
एवढं तर सोयरीक जमवताना
कुणी विचारलं नव्हतं.
मग गुडघ्यावर रबरी हातोडी मारली
आणि माझा पाय मला न विचारता उडाला.
लेक हसली. मी पदर नीट केला.

"आता पाठीला हात लावतो. दुखलं तर थांबा म्हणा.
मी थांबतो."
मला आधी कळलंच नाही.
ब्रँचमधला चेकर मूठभर विड्या छाटात फेकतो
तेव्हा थांब म्हणून बघा कधी.
मी उगाच एकदा म्हणून बघितलं, थांबा.
त्यानं खरंच हात उचलला.
पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

मग तो वरून खाली बोटानं मोजत आला.
मीपण मनात मोजत होते, मोजायची सवयच,
ओकटी, रेंडू, मूडू...
चोवीस.
म्हटलं, डॉक्टर, कट्टा पंचविसाचा असतो.
एक कमी भरतोय, छाटात घालणार काय मला?
तो हसला, कंबरेखालच्या चपट्या हाडावर
तळवा ठेवून म्हणाला,
"हे घ्या पंचविसावं. भरला कट्टा."

आज मोडणार नाही?
नाही. आधी फोटो काढा, हाडं किती ठिसूळ झालीत बघू.
चार-सहा वेळा यावं लागेल.
फरक नाही पडला तर मीच सांगेन, दुसरीकडं पाठवेन.
मान पोरीसारखी होणार नाही, हेही ऐकून ठेवा.
खरं सांगते, फसल्यासारखं वाटलं.
रिक्षाचे ऐंशी रुपये, आणि नुसतं मोजून परत.

दुसऱ्या खेपेला दाबलं त्यानं, खांद्यांच्या मधोमध.
आवाज झाला एवढुसा,
विडीचं तोंड नखानं दुमडताना होतो
त्याहून थोडा मोठा.
"रात्री अंग दुखेल, घाबरू नका."
दुखलं. घाबरले नाही.
आधी सांगितलेलं दुखणं
जरा ओळखीच्या बाईसारखं येतं, दार वाजवून.

आता दर चार कट्ट्यांनी वर बघायचं, असं त्यानं बजावलंय.
पहिल्या दिवशी विसरले, आठशे झाल्यावर आठवलं.
मग बघितलं. पत्र्याला खिळ्याचं भोक आहे,
त्यातून उन्हाचा चार आण्याएवढा ठिपका
सुपातल्या पत्तीवर पडतो.
किती वर्षं पडतोय कुणास ठाऊक.

मान अजून कुरकुरते. हजार विड्या हजारच आहेत.
संध्याकाळी नरसूबाई आली, उंबऱ्यावर बसली.
"मोडली का गं?"
म्हटलं, नाही. मोजली.
ती गप्प बसली जरा.
मग पाठ माझ्याकडं केली,
पदर बाजूला सारला,
म्हणाली, माझे बघ किती भरतात.