पांढरं कापड

घोड्यावरून उतरले तेव्हा मांड्या माझ्या नव्हत्याच.
पाच तास नुसती चढण. पुढे खाउहेलो,
बारा वर्षांचा, घोंगडीत गुरफटलेला गुराखी,
एकदाच मागे वळून म्हणाला,
"कुठं जायचंय ते घोड्याला सांगू नका. त्याला माहितेय."
मी सपाट गाबोरोनीची.
लेसोथोचा हा डोंगर नकाशावर बोटभर होता.

माझी त्स्वाना, त्यांची सोथो,
मावसबहिणीच, एकमेकींचे उच्चार काढून हसणाऱ्या.
मोरुती म्हणजे पाळक, आणि पाळक म्हणजे पुरुष,
म्हणून मी झाले मामोरुती, पाळकाची बायको.
"पाळक कुठायत?"
"मीच."
"बरं. पण ते येणार कधी?"

चर्च म्हणजे दगडी भिंती, वर पत्रा,
वाऱ्यानं उडू नये म्हणून पत्र्यावर धोंडे.
पहिल्या रविवारी सात माणसं, एक कोंबडी.
चाळीस मिनिटांचं प्रवचन
पाठ करून आणलं होतं.
म्मे मामोलेफी दुसऱ्याच मिनिटाला झोपल्या,
आमेन मात्र नेमक्या जागी म्हणाल्या.
कोंबडी शेवटपर्यंत थांबली.

झऱ्यावर बायका माझ्याबद्दल बोलायच्या
माझ्यासमोरच, जणू मी बादली.
"रात्री वाचत बसते म्हणे.
एकटीसाठी मेणबत्ती जाळते!"
मी खाली बघून पाणी भरायची.
वाटेत कुणी भेटलं की म्हणायचं, खोत्सो. शांती.
उपासनेत हा शब्द मी किती वेळा भरभर उरकलाय.
इथं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं,
समोरचा म्हातारा असेल तर बराच वेळ,
थंडीत, पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर घेऊन.

गोठ्यातून फावड्यानं कापलेल्या शेणाच्या गोवऱ्या
पेटवायला मला महिना लागला.
धुरानं डोळ्यांतून पाणी येतं,
त्याला इथं रडणं म्हणत नाहीत.
ते बरंच झालं.

मग तो शनिवार.
वेदीचं कापड धुतलं. वाळत कुठं घालू?
खाली शेळ्या, कुंपणाला काटे.
भिंतीला टेकलेली एक लांब काठी दिसली,
तिच्या टोकाला कापड बांधून उभी केली अंगणात.
छान फडफडलं. मी आत येऊन
उद्याचं प्रवचन छाटत बसले.

दुपारी न्ताते सेखोबे आले, हातात पत्र्याचा मग.
मागून आणखी दोघे. मग बायका. मग खाउहेलो, उगाच.
"किती?" न्तातेंनी विचारलं.
"काय किती?"
त्यांनी मगानं वर दाखवलं.

पांढरं निशाण म्हणजे ज्वारीची बिअर तयार आहे.
लाल म्हणजे मटण, हिरवं म्हणजे भाजी.
शेंबड्या पोराला ठाऊक असतं,
सेमिनरीत कुणी शिकवलं नव्हतं.
एकोणीस माणसं अंगणात, एकोणीस मग,
आणि डोक्यावर फडफडणारं प्रभुभोजनाचं कापड.

आधी मामोलेफी हसल्या.
पोट धरून, भिंतीला टेकून, खाली बसून हसल्या.
मला पळून जावंसं वाटलं, पण घोडा खाउहेलोचा.
घरात आलं होतं आणि साखर.
मोठ्यात मोठं पातेलं चढवलं,
गोवऱ्या त्या दिवशी एका काडीत पेटल्या.

न्तातेंनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं.
"हे चढत नाही."
"नाही."
मग पुढे केला तरीही.
अंधार पडेस्तोवर कुणी उठलं नाही.
पत्रा कुठं गळतो यावर भांडण झालं,
कुणाची तरी चिठ्ठी मी वाचून दाखवली,
दोनदा, कारण पहिल्यांदा खरं वाटलं नाही.
प्रार्थना करायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं असेल, असं वाटेल कुणाला.
नऊ माणसं होती.
न्ताते आले नाहीत. कोंबडीही नाही.
कापडाला किंचित आल्याचा वास होता,
त्यावर मी भाकर मोडली.

सोमवारी दाराच्या कडीला एक चिंधी बांधलेली,
घोंगडीच्या काठाची, निळी.
खाउहेलो म्हणाला, न्तातेंनी दिलीय,
निळं इथं अजून कुणाचंच नाही,
आणि शनिवारी आलं थोडं जास्त घाला.