फिंजान

काणकोणच्या चावडीला, मामलेदार कचेरीत
बाकावर माझा नंबर एकेचाळीस.
लेक विशांती उभी राहतेय पंचायतीला,
प्रभाग राखीव, जमातीसाठी.
कारकून म्हणतो, पुरावा?
पासपोर्टवर गावकर,
शाळेच्या दाखल्यावर वेळिप,
बापाच्या पोर्तुगीज कागदावर नुसतंच बुधो.
तीन नावांचा एक माणूस
सरकारला परवडत नाही.

त्याला मी सांगितलं नाही
की सव्वीस वर्षं जमातीच्याच दारात उभा होतो,
कुवेतात, जहराला,
शेख सुनैतानच्या दिवाणियात.
दिवाणिया म्हणजे चावडीच, फक्त गालिचा जाड
आणि एसी असा की भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर.
डाव्या हातात दल्ला, उजव्यात फिंजानांची उतरंड.
वाढायचं उजवीकडून.
पण उजवीकडे कोण बसणार
हे कॉफी उकळायच्या आधीच ठरलेलं.
राजकारण मी पेपरात नाही वाचलं.
कुणाचा कप आधी, कुणाचा किती,
एवढ्यावरून कळायचं
कुणाचा पुतण्या पोलिसात लागणार,
कुठला मंत्री महिन्याभरात घरी बसणार.
काठोकाठ भरला तर अपमान: पी आणि ऊठ.
न पिता कुणी खाली ठेवला तर ते मागणं,
आणि मागणं मान्य होईस्तोवर
तिथं कुणी खोकतसुद्धा नसे.

एका वर्षी मतदान झालं, आतल्या आत.
कायद्यानं बंदी, म्हणून त्याला जेवण म्हणायचं.
सहाशे माणसं, चाळीस बकरे,
आणि भाताच्या परातींमागे पत्र्याचा डबा, वर चीर पाडलेला.
चौघे उभे राहणार होते, जेवणानंतर दोघेच उरले.
बाकीच्या दोघांनी हसत हसत हात धुतले.
सरकारची जीप लांब उभी, दिवे विझवून.
शेखनं जीपलाही ताट पाठवलं.
मीच घेऊन गेलो.

ड्रायव्हर मुतलक सतरा पणजे एका श्वासात म्हणायचा,
अमक्याचा पोर तमका, थेट वाळूपर्यंत.
कागद मात्र एकही नाही.
नोंदवायला जायचं बापाचं राहून गेलं होतं,
त्या साली गवत बरं आलं, उंट लांब नेले होते.
म्हणून मुतलक कुणाचाच नागरिक नाही,
आणि त्याच्या पोराला शाळा नाही.
त्या रात्री सहाशे भावांना त्यानं भात वाढला.
डब्याकडे फिरकला नाही.

एकदा शेखनं मला विचारलं, तुझा कबिला कोणता?
हिंदी म्हटलं असतं तरी चाललं असतं.
म्हटलं, वेळिप.
किती तंबू?
बत्तीस घरं, एक मांड.
डोंगरावर कुमेरी करायचो, वनखात्यानं बंद केली.
चवथीला आमचा गणपती मातीचा नसतो, पत्रीचा असतो.
पानांचा देव ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडली,
पण बत्तीस घरं ऐकून त्यानं
स्वतःच्या हातानं माझं फिंजान भरलं,
तळापुरतंच, मानाचं.

आता कारकून विचारतो, पणज्याचं नाव?
बुधो, त्याचा बाप सोमो,
त्याचा बाप कुमेरीच्या धुरात कुठंतरी.
मुतलकचे दोन-चार पणजे उसने मिळते
तर मी त्याला माझ्या तीन नावांतलं एक दिलं असतं.
बाहेर उन्हात विशांती झेरॉक्स मोजतेय.
चिन्ह किटली मिळालं तर बरं, म्हणते,
बायकांच्या लक्षात राहतं.

चहावाला पोरगा आला.
मलाही दिला, काचेच्या पेल्यात, काठोकाठ.
प्यालो.
आणि सवयीनं रिकामा पेला दोन बोटांत धरून
हलवला जरासा, बास म्हणून.
पोरगा बघत राहिला,
मग पुन्हा भरून गेला.