एकाच ताग्याचे दोन निळे

नव्वद चौकोन जोडून झाले
तेव्हा मार्च संपत आला होता.
खाडीतला बर्फ रात्रभर कडकडत होता,
आणि मी जेवणाच्या टेबलावर
गोधडी पालथी घालून मोजत होते.
अस्तर एक वीत कमी.

नवं कापड आणायचं नाही, असं नाताळातच ठरलेलं.
इनोस म्हणाला, "व्हर्ना, ही कपाटं आधी उपस.
मी मागे राहिलो तर
एवढ्या चिंध्यांचं काय करू?"
म्हणून उपसली.

निघालं काय काय.
पिठाच्या पोत्यांचं फुलाफुलांचं कापड,
आईनं धुऊन धुऊन मऊ केलेलं.
मासळीच्या कारखान्यातले माझे पांढरे एप्रन;
त्यांचा कॉडचा वास गेला
की माझं नाक गेलं, ठाऊक नाही.
भाड्याच्या पहिल्या घरातला पिवळा पडदा.
सव्वा मीटर लाल मखमल,
एका नाचासाठी घेतलेली.
तो नाच धुक्यामुळे झालाच नाही.
तेव्हापासून कोरी.
इतकी चांगली, की कात्री लावायला हात धजला नाही
सदतीस वर्षं.
आता लावली. किनारीसाठी पट्ट्या कापल्या.
कात्रीला काहीच वाटलं नाही.

आणि हा निळा.
ब्रिजवॉटरच्या दुकानाला टाळं लागायचं होतं त्या दिवशी
शेवटचा तागा दोघींनी मिळून घेतला,
मी आणि नणंद, आर्डिथ.
मोटारीच्या टपावर पसरून मधोमध फाडला,
भर रस्त्यात, हसत.
पहिली चीर मी दातांनी पाडली.
पुढे त्यांच्या वडिलांच्या होडीवरून
जे झालं ते झालं.
अकरा वर्षं चर्चमध्ये
ती डावीकडे बसते, मी उजवीकडे.

एक वीत.
पांढरं लावून भागलं असतं.
पाठीकडे कोण बघतं?
दोन दिवस मी स्वतःला हेच सांगितलं.
तिसऱ्या दिवशी,
पावाचं पीठ हाताला चिकटलेलं असतानाच
फोन लावला.
बरी आहेस का, वगैरे काही नाही.
"तो निळा आहे अजून तुझ्याकडे?"
पलीकडे किटलीची शिट्टी. बराच वेळ.
कुणी ती बंद करेना.
मग म्हणाली, "किती हवाय?"
"वीतभर."
"कुणाची वीत? तुझी की माझी?"
मी विसरलेच होते
तिचे हात केवढे मोठे आहेत ते.

सकाळी पायरीवर पावाच्या पिशवीत घडी होती.
चाकांच्या खुणा दारापर्यंत आलेल्या,
तिथे थोडं घुटमळून वळलेल्या.

माझा निळा खिडकीजवळच्या कपाटात बसून
धुतलेल्या आभाळासारखा झालेला.
तिचा तळघरातल्या पेटीत
शाईसारखा, जसाच्या तसा.
शेजारी ठेवले तर कुणी म्हणणार नाही
एका ताग्याचे.
फक्त कोपऱ्यात ती चावलेली जागा.
तिच्या तुकड्यावरचा खळगा
माझ्या तुकड्यावरच्या टोकात
नेमका बसला.
माझे दात. तेव्हा सगळे होते.

धावदोरा घालायला नऊ दिवस लागले.
बोटाला अंगुस्तान, चष्म्यावर चष्मा.
एका रात्री दोन ओळी वाकड्या गेल्या,
उसवायला घेतल्या, आणि राहू दिल्या.
शेवटची गाठ मारून दोरा तोडला
तेव्हा इनोसनं विचारलं, "झाली?"
म्हटलं, "झाली."
"मग कपाट रिकामं?"
एक कप्पा. तोही अर्धा.

पलंगावर मी ती पालथी अंथरते.
नव्वद चौकोन खाली, आमच्या अंगाला;
वर फिका निळा,
आणि पायथ्याशी गडद पट्टा, वीतभर,
ताठ, अजून पाण्याची सवय नसलेला.
इनोस रोज सुलटी करतो.
मी रोज उलटी.

तिनं दोन विती पाठवला होता.
तिच्या विती.
उरलेला तिचाच आहे, परत द्यायला हवा.
पण पिशवी धुऊन दोरीवर घातलीय,
आणि या दिवसांत इथे
काही म्हणजे काही लवकर वाळत नाही.