सांधा दिसता कामा नये

खंडेराव मार्केटात रेवाबेन विचारते, "केटलुं आपुं?"
मी म्हणते, अर्धा किलो शेवंती,
पण एकसारखी नको.
ती मान वर करून बघते.
असं कुणी मागत नाही तिच्याकडे.
देवाला एकसारखी लागतात, लग्नाला एकसारखी,
मयताला तर कुणी बघतही नाही, फक्त तोलतात.

घरी गच्चीवर, ढग येईपर्यंत थांबते.
ऊन चालत नाही या कामाला,
उन्हात प्रत्येक फूल शेजारच्यावर काळं सांडतं.
पांढऱ्या थर्मोकोलवर शेवंती पसरते,
स्टुलावर चढते, कॅमेरा सरळ खाली, ओळंब्यासारखा.
चार हजार बाय चार हजार ठिपके.
त्यात सगळं मावतं,
वास तेवढा बाहेर राहतो.

मग खोलीत पडदे ओढून
चित्र अर्धं उजवीकडे सरकवते, अर्धं खाली.
कडेला होतं ते मधोमध येतं
आणि मधोमध उमटते एक फुली:
एका फुलाचा डावा गाल
दुसऱ्याच कुणाच्या उजव्या गालाला टेकलेला,
दोघंही अवघडलेली,
लग्नाच्या फोटोत चुकून शेजारी उभ्या राहिलेल्या माणसांसारखी.
ती फुली पुसायची, हेच माझं काम.
इथली पाकळी तिथे, तिथली सावली इथे,
पहाटेपर्यंत.

आई दांडिया बाजारात साड्यांना फॉल लावायची.
"टाका वर दिसला की बाई पैसे कापते," म्हणायची.
माझेही कापतात, आई.

अलकापुरीत पारेखशेठचं हॉटेल होणार आहे.
सध्या खड्डा आहे, त्यात पाणी, पाण्यात एक बदक.
माझ्याकडे मात्र लॉबी उभी आहे,
अठरा फूट रुंद, अठरा फूट उंच भिंत,
भिंतभर शेवंती,
पश्चिमेच्या खिडकीतून तिरका उजेड,
उंचसखलाचा एक नकाशा, चकाकीचा दुसरा,
हात लावला तर ओलं लागेल असं.
रात्रभर मशीन घुरघुरलं, टेबल तापलं,
सकाळी भिंत तयार.

पारेखशेठ चष्मा कपाळावर ढकलून पुढे वाकले.
"आ शुं छे, बेन? हे सगळीकडे काय आहे?"

मुंगी.
गच्चीवरच्या पुडीतून आलेली, एकटी,
पाकळीच्या कडेवर, पुढचा पाय उचललेला.
मी सांधे शोधत राहिले, ती दिसलीच नाही.
आता दर दोन फुटांवर
तीच पाकळी, तीच कड, तोच उचललेला पाय.
मोजल्या. नऊ नव्वे एक्क्याऐंशी.
एक्क्याऐंशी मुंग्या निघाल्या होत्या,
पोचली एकही नाही.

"काढून टाका."
काढली. दहा सेकंदही लागले नाहीत,
शेजारचा पिवळा उचलून तिच्यावर ठेवला.
शेठ खूश, चहा मागवला, बरोबर भाकरवडी.
मला मात्र तेव्हापासून दिसतंच आहे:
जिथे ती नाही, तिथे ती एक्क्याऐंशी वेळा नाही.
ती एक किंचित फाटकी पाकळी, तो देठाचा तुकडा,
पुन्हा, पुन्हा,
दोन फुटांवर, चार फुटांवर,
घरी जाताना रावपुऱ्याच्या फरशीवर, बसच्या सीटच्या कापडावर,
समोरच्या बाईच्या साडीवर.
एकदा जोड दिसली की डोळा ऐकत नाही.

गुरुवारी पुन्हा मार्केट.
"पेली गेली क्यां? कुठल्या देवाला वाहिलीस?"
भिंतीला, मी म्हणाले.
रेवाबेन हसली. हार ओवत होती,
दोरा दाताने तोडून गाठ मारली, जाड, वरच,
आणि गोणपाटाखालून एक पुडी काढली:
एक फूल वाकडं, एक अर्धं उमललेलं,
एक नुसतीच कळी, एकाला करपलेली कड.
"तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवली. सरखी एकपण नथी."

मग तराजू खाली ठेवला.
"याचे वीस जास्त."