उलट्या पावली

डावा पाय ओढत न्यावा लागतो
भिजल्या सतरंजीसारखा,
मागापासून मोरीपर्यंत बावीस फरश्या.
पण पाठमोरी चालले
तर चालते.
नीट.

पहिल्यांदा बघितलं ते शेजारच्या चंपाक्कानं.
हातातली वाटी टाकून पळाली.
उलट्या पायांची कोण असते
ते वडगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
ज्यांना भुतं पटत नाहीत
ते म्हणाले, नाटक आहे की.
नवरा काहीच बोलला नाही,
माझ्या चपला उचलून बघत राहिला.
डावीचा चवडा झिजून पार भोक.
एवढं झिजेपर्यंत कोण नाटक करतं?

दवाखान्यातली डॉक्टरीण धारवाडकडची.
तिनं फिल्म उजेडाला धरली :
माझं डोकं,
मंडईत अर्धा कापून ठेवलेल्या कोबीसारखं.
'ह्यात काही नाही,' म्हणाली,
आणि माझं तोंड बघून घाईनं,
'म्हणजे तुम्हाला काही नाही असं नव्हे.'

मग डाव्या टाचेखाली तळहात सारला.
दाबा.
दाबेना.
सोडा ते, आता उजवा उचला.
उजवा उचलला
तर इकडे डाव्यानं तिचा हात गादीत रुतवून धरला.
'इदे, अक्का,' ती हसली, 'इदे.'
आहे.
मी मागितला की नसतो, असा जोर आहे.

मी विचारलं, मग डोक्यात काहीच वेगळं नाही?
म्हणाली, तुमच्यासारख्या पुष्कळांची डोकी
निरोग्यांच्या शेजारी ठेवून मोजली
तर कुठं केसभर जाड, कुठं केसभर पातळ
असं निघतं कधी कधी.
एकटीच्या फिल्मीत ते सापडत नाही.
आधी फरक, की आधी पाय,
तेही अजून कुणाला नक्की माहीत नाही.

हे मला कळलं.
चार हजार तारांचा ताणा असतो,
एखादी तार सैल आहे हे डोळ्याला दिसत नाही,
कापड मात्र तिथं
बोटाला वेगळं लागतं.
आणि तार आधी सैल झाली
की फणीनं केली,
ह्यावर आमच्या सासऱ्यांचं
आणि त्यांच्या भावाचं
तीस वर्षं भांडण होतं.

आता पहाटे, गल्ली जागी व्हायच्या आत,
मी पाठमोरी निघते
आणि चालता चालताच वळते, न थांबता,
ओठांत धोट्याची मोजणी धरून.
काल वळल्यावर
तीन फरश्या सरळ गेले.

चौथीवर
मला पाय आठवला.