उरलेला स

झाशी रोडवरच्या महालेखाकार कार्यालयात
माझा पहिला मसुदा परत आला, तेव्हा
सबंध पानावर एकच लाल गोल होता,
शेंगदाण्याएवढा,
'विथ रिगार्ड्स टु'मधल्या एसभोवती.

मला आधी वाटलं, पानाचा शिंतोडा.

"पोतनीस," संवत्सर साहेब म्हणाले,
"रिगार्ड म्हणजे संदर्भ.
रिगार्ड्स म्हणजे नमस्कार.
मुरारच्या फाटक्या व्हाउचरांना
तुम्ही नमस्कार कशाला करताय?"
हसले नाहीत.
चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला
आणि पुढची फाईल ओढली.

त्या संध्याकाळी टेम्पोत
कंपूपर्यंत मी तोंडातल्या तोंडात म्हणत गेले:
विथ रिगार्ड टु भाडं.
विथ रिगार्ड टु ही धूळ.
विथ रिगार्ड टु या बाईंची भोपळ्याची पिशवी,
जी माझ्या पायावर आहे.
"कुछ कहा, दीदी?" समोरच्या मुलानं विचारलं.

चूक कुठून आली ते मला ठाऊक होतं.
साहेबांना सांगायचा धीर झाला नाही, एवढंच.
दौलतगंजातल्या मराठी शाळेत
स ला ते, स ला ना ते
घोकून घोकून जीभ झिजवलेली मी.
आमच्या घरून पत्रं जायची ती
तीर्थरूप अण्णांस,
सौभाग्यवती माईस,
चिरंजीव मुकुंदास.
स लावला नाही, तर नमस्कार
माणसापर्यंत पोचायचाच नाही,
बीना जंक्शनवर उतरून
चहा पीत बसायचा.

मग अकरा वर्षं.
साहेबांनी 'रिप्लाय बॅक'मधला बॅक काढला,
'डिस्कस अबाउट'मधला अबाउट काढला,
श्रीवास्तवांच्या प्रत्येक पत्रातलं
'डू द नीडफुल' खोडून
समासात लिहिलं, काय करू ते सांगा.
मे महिन्यात, वाळ्याचे पडदे भिजवूनही
कागद हातात कुरकुरत असायचे,
तेव्हासुद्धा ती लाल पेन्सिल
कधी घाईत चालली नाही.

त्यांचा रजेचा शेवटचा अर्ज
माझ्या टेबलावरून गेला.
हातानं लिहिलेला, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या.
विथ रिगार्ड्स टु माय हेल्थ.
मी दोनदा वाचलं.
आपल्याच प्रकृतीला नमस्कार,
आणि कुठंही विनोद नाही.
पेन्सिल माझ्याकडे होती.
मी पेन्सिलीला टोक केलं, ते टोक मोडलं,
पुन्हा केलं,
आणि अर्ज तसाच पुढं सरकवला.

आज श्रीमती कुमुदिनी संवत्सर यांना
कुटुंब निवृत्तिवेतनाचं पत्र.
विथ रिगार्ड टु.
बरोबर लिहिलं, साहेब.
एकवचन, कोरडं, नियमाप्रमाणे.
पुढं 'लेट श्री', मग तुमचं नाव,
मग तुमचा कर्मचारी क्रमांक,
जो मला पाठ आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पत्र जावक रजिस्टरला चढलं.
शिपाई टेम्परेचरबद्दल काहीतरी बोलला.
श्रीवास्तवांनी गजकाचा तुकडा दिला,
थंडीतला, डब्यात विसरलेला,
मऊ पडलेला.

एक एस मात्र उरला.
सरकारी पत्रात त्याला कुठं ठेवू?
'युवर्स फेथफुली'च्या खाली तर जागाच नसते,
तिथं शिक्का येतो.

मग मागं कोरा असलेला एक कागद घेतला,
आणि लिहिलं
तीर्थरूप साहेबांस

पुढं काही सुचलं नाही.
पत्ताही नाही.
कागद खणात आहे, पेन्सिलीच्या थोटक्याशेजारी.
त्यात एकही चूक नाही,
म्हणजे मला तरी सापडली नाही.
तुम्ही असतात तर पाहिलं असतंत.